दोरीचं दुसरं टोक

११ फेब्रुवारी

रेघ्या,

पत्राच्या सुरुवातीला धाकट्याला आशीर्वाद लिहायचे असतात, मला माहीत आहे. सध्या माझ्याकडे शिल्लक नाहीत.

तुझी चिठ्ठी मिळाली. न्हावीकाकांनी ती अशी दोन बोटांत धरून आणली की मला वाटलं उंदीरबिंदीर आणताहेत. "ताई, केस मागे घे. सगळ्यांचं भलं होईल." अकरा वर्षांनी आलेलं पत्र, आणि त्यात मोजून सात शब्द. सही नाही, तारीख नाही, आई कशी आहे हे विचारायची सोय नाही. आणि टाइप केलेले! ज्याचं अक्षर बघायला लोक बाबांच्या दुकानासमोर सायकल उभी करायचे, त्या माणसाने सात शब्द मशीनवर बडवून पाठवले. का रे? हात मोडला का?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. म्हणूनच मी चढले. तुझ्यासारखं शहाणपण मला कुठे परवडतंय?

तू विचारलं नाहीस तरी सांगते, म्हणजे उद्या "मला कुणी कळवलंच नाही" म्हणून मोकळा व्हायला नको. तुझ्या बायकोचे मामा चार वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत आले आणि कोपऱ्यावर गॅरेज काढलं. तुझं लग्न त्याआधीच झालेलं. आता याला नशीब म्हणायचं की बाबांचा शाप, तूच ठरव. गल्ली त्यांना शेठ म्हणते. मी गॅरेजवाला म्हणते. पहिल्या वर्षी माणूस इतका गोड, की गॅरेजची पाटी माझ्याकडूनच रंगवून घेतली. "ताई, अक्षर काय आहे तुमचं!" मग कुणीतरी त्याला आमचं आडनाव सांगितलं. दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली आणि चांगला लोखंडी पत्रा भंगारात घातला. आडनावाचा रंग लागला असेल त्याला.

तेव्हापासून सुरू झालं. कचऱ्याची पिंपं आमच्या दारात. दुकानदारांच्या संघाचा हाच अध्यक्ष, म्हणून नळाचं पाणी आधी आमचं बंद. पाटी रंगवून घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला रस्त्यातच अडवून सांगायचं, "त्यांच्याकडे जाता? त्या लोकांकडे?" त्या लोकांकडे! जसं काही मी रंगात माणसं कालवते. संघाचे दोन पदाधिकारी रोज सकाळी फिरायला निघाले की आमच्या पायरीवर थुंकून पुढे. वेळ कधी चुकली नाही हो, एवढा नेम कामात दाखवला असता तर दोघांची दुकानं चालली असती.

मग ऑगस्टमध्ये दगड आला. आई पुढच्या काचेजवळ तिच्या खुर्चीत बसली होती, नेहमीसारखी, ब्रश निवडत. तिच्या भुवईवर सात टाके पडले आणि त्या डोळ्याला आता सगळं धुरकट दिसतं. पोलिसांनी लिहिलं, "किरकोळ नुकसान, अज्ञात इसम." काच किरकोळ की डोळा, ते लिहिलं नाही.

त्या दिवसापासून आईने खुर्ची मागच्या खोलीत नेली. चाळीस वर्षं जी बाई दुकानाच्या पुढच्या काचेशी बसली ती आता मोरीकडे तोंड करून बसते आणि मागच्या दाराने येते-जाते. मी म्हटलं, अगं, काच नवीन बसवली. म्हणाली, "मला ऊन सोसत नाही." ऊन! त्या खुर्चीवर दुपारी बारानंतर ऊन येत नाही, हे तुलाही ठाऊक आहे.

आणि नोव्हेंबरात तो शब्द. दुकानाच्या दर्शनी भिंतीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाल तैलरंगात. सोमवारी, आपल्या बंदच्या दिवशी, भर दुपारी, मी आईला डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले होते तेव्हा. शब्द मी इथे लिहीत नाही. शाळेत तुलाही तो ऐकवला होता, तेव्हा तू रडत घरी आला होतास.

फोटो मी नंतर काढला. त्याआधी रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने भिंतीचा थोडा भाग पुसला. का पुसला ते आज सांगत नाही.

तर दावा लावलाय. गॅरेजवाला आणि ते दोन थुंकणारे. मागणं तीन गोष्टींचं. या माणसांनी आमच्या दाराशी यायचं नाही, नुकसान भरून द्यायचं, आणि झालं ते आमच्या आडनावापायी झालं हे कोर्टाने कागदावर लिहायचं. मला हे तिसरं हवंय. आईच्या हातात तो कागद द्यायचाय, म्हणजे ती खुर्ची पुढे आणेल. वकीलबाई म्हणतात, हेच सगळ्यात अवघड.

केस मागे घेत नाही. सगळ्यांचं भलं व्हायला आम्ही काही सगळ्यांचा मक्ता घेतलेला नाही.

ताई

३० मार्च

रेघ्या,

न्हावीकाका सांगत होते, मागचं पत्र तू गळ्याला टॉवेल गुंडाळलेला असताना वाचलंस, अर्धी दाढी झालेली, आणि उरलेली अर्धी तशीच ठेवून निघालास. लोक हसले असतील. मला ऐकून फार बरं वाटलं.

त्यांचा जबाब आला. बस, पाणी पी. तुझे मामेसासरे म्हणतात की तो शब्द मीच लिहिला. हो, मीच! माझ्या भिंतीवर, माझ्या हाताने, सहानुभूती मिळवायला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. कारण काय दिलंय ऐक: "सदर अक्षरे अत्यंत प्रमाणबद्ध, सरळ रेषेत व व्यावसायिक दर्जाची असून कोणा समाजकंटकाचे ते काम नव्हे."

अभिनंदन. आयुष्यात पहिल्यांदाच कोर्टाच्या कागदावर तुझ्या अक्षराचं कौतुक झालं.

आता तोंड उघडं टाकून बघू नकोस. मला काय दुधखुळी समजलास? भिंतीपुढे उभी राहिले आणि पहिल्या दमात ओळखलं. शब्दाच्या वर एक आणि खाली एक, गेरूच्या दोन रेघा. अरे गाढवा, शिवी लिहायची होती ना? शिवी! ती लिहितानाही दोरी मारलीस? गेरूत बुडवून, ताणून, झटकून? दुनियेतला कुठला गुंड भिंत खराब करण्याआधी ती आखून घेतो? "रेघ नाही तर अक्षर नाही," बाबा म्हणायचे, आणि तू तर वहीत नाव घालायलाही दोरी मागायचास, म्हणून तर त्यांनी तुझं नाव रेघ्या ठेवलं. आडनाव बदललंस, दाढी वाढवलीस, बायकोला सांगितलंस की आईबाप लहानपणीच गेले. सगळं टाकलंस, दोरी तेवढी टाकता आली नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

आणि शेवटच्या अक्षराला काळी सावली द्यायला लागला होतास. अर्धी देऊन थांबलास. तेव्हा कळलं वाटतं, आपण काय रंगवतोय ते?

तर ते पुसलं मी. दोन्ही रेघा आणि अर्धी सावली. रंग ओला होता, कडेने थोडा फिसकटला, पण रेघा गेल्या. मग फोटो काढला. कारण रेघा दिसल्या असत्या तर या शहरातल्या कुठल्याही जुन्या रंगाऱ्याने सांगितलं असतं की हे बाबांच्या हाताखालचं काम आहे. मग कोण, विचारलं असतं. आणि मला त्या माणसाचं नाव आईसमोर घ्यावं लागलं असतं.

म्हणजे बघ, तुला वाचवायला मी माझाच पुरावा पुसला. आता त्यांचा वकील विचारतोय, भिंत पुसलेली का आहे? वादीने काय लपवलं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. मीही काही कमी गाढव नाही.

एक गोष्ट मात्र मी पुसण्याआधी नीट पाहिली. भिंतीत खिळ्याचं भोक नव्हतं. "दुसऱ्याच्या भिंतीला खिळा मारायचा नाही, माणूस उभा करायचा," हा बाबांचा नियम तूही पाळलास. बहिणीच्या भिंतीवर शिवी लिहितोस, पण खिळा मारत नाहीस. काय पण संस्कार! म्हणजे दोरीचं दुसरं टोक कुणीतरी धरलं होतं. कुणी धरलं, रेघ्या? एवढंच एक कोर्टात येऊन सांग. तू कसा तयार झालास ते मी तुला विचारत नाही. मामांच्या शहराबाहेरच्या जुन्या गॅरेजात गाड्यांना रंग मारायचं काम तुझ्याकडे, मामा म्हणाले असतील, "जावईबापू, तुमचा हात चांगला आहे, जरा एक काम आहे." आणि नाही म्हटलं तर विचारतील का नाही म्हणतोस, आणि कोण तू, आणि कुठला. म्हणून निघालास डबा घेऊन. शेपूट घालायचीही काही हद्द असते.

आई घरात नसताना लिहिलंस, त्याबद्दल आभार मानायचे का? माहीत असलं तर कळव.

ताई

१९ जून

रेघ्या,

काल माझी उलटतपासणी झाली. तू नव्हतास. मामांच्या मागच्या बाकावर तुझी बायको होती, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन. आईला जिना चढून धाप लागली तर सगळ्या कोर्टात ती एकटी उठली आणि "या आजी, इथे बसा" म्हणाली. ती कुणाला जागा देतेय तिला ठाऊक नाही. आईने तिच्याकडे बराच वेळ बघितलं. तुझ्याहून शंभर पटींनी बरं माणूस आहे ते, तुला कसं मिळालं कोण जाणे.

त्यांचा वकील दर दोन वाक्यांनी कॉलर सारखी करतो. कॉलरला काही झालेलं नसतं.

"आपण व्यवसायाने काय करता?"

"पाट्या रंगवते."

"किती वर्षं?"

"एकतीस."

त्याने फोटो समोर धरला. "हे अक्षर कसं आहे? रंगारी म्हणून सांगा."

मी काय करणार? तिथे खोटं बोलवेना. "सुरेख आहे," म्हटलं. लोक हसले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"सरळ आहे?"

"अगदी."

"रागाच्या भरात आलेला एखादा टवाळ असं लिहील?"

"टवाळाला 'क'ची गाठसुद्धा मारता येणार नाही."

"मग या शहरात असं लिहिणारं कोण आहे, बाई?"

"माझे वडील होते. ते वारले."

"म्हणजे आता फक्त तुम्ही."

मी फोटोतल्या अक्षरांकडे बघत राहिले. तो कॉलर सोडून थेट माझ्याकडे बघायला लागला. "उत्तर द्या. आता फक्त तुम्ही?"

"हो," म्हटलं.

खरं सांगेन म्हणून शपथ घेतली आणि एका "हो"मध्ये घालवली. गॅरेजवाल्याने मांडीवर थाप मारली. बाहेर आल्यावर वकीलबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. त्यांचा गुडघा दुखतो, चिडल्या की जास्त दुखतो. "तुम्ही काहीतरी गिळून बसलाय. ते ओकणार नसाल तर आपण आपटणार, आणि मग हीच माणसं तुमच्यावर खोट्या दाव्याची केस घालतील. दुकान सोडायला लावतील. कळतंय का?" मी म्हटलं, कळतंय. म्हणाल्या, "मग बोला." मी म्हटलं, घशात अडकलंय.

तुझ्यासाठी नाही हं. उगाच चढून बसू नकोस. तू उद्या रस्त्यात भेटलास तर मी तुला ओळखही देणार नाही. आईसाठी. ती अजून तुझा लहानपणीचा ब्रश धुऊन ठेवते. दर सोमवारी, न चुकता, रॉकेलात बुडवून. ज्या हाताने तो धरला त्याच हाताने आपल्या दारावर काय लिहिलंय, हे तिला कळलं तर ती मागच्या खोलीतूनही उठणार नाही. तिला दिसलं नाही म्हणून बरं. त्या दिवशी भिंतीपाशी गेली, एका अक्षरावरून बोट फिरवलं, बोटाला रंग लागला तो पदराला पुसला आणि मागच्या दाराने आत गेली.

आता पुढचं ऐक. वकिलाने अर्ज केलाय की मी कोर्टासमोर, पत्र्यावर, तेवढ्याच मापाची अक्षरं काढून दाखवावीत. म्हणजे फोटोशी ताडून बघता येतील. न्यायाधीशांनी मंजूर केला. चौदा जुलै, सकाळी साडेअकरा. वकीलबाई म्हणाल्या, "काढा की, तुमचं नाही म्हटल्यावर जुळायचं कसं?"

जुळणार, रेघ्या. जुळणारच. माझ्या हातात आणि तुझ्या हातात एकाच बापाचं वळण आहे. त्यांनी दोघांची बोटं एकाच ब्रशावर ठेवून शिकवलंय. तुझी अक्षरं माझ्याविरुद्ध साक्ष देणार आणि तू बाहेर गाड्यांना पॉलिश मारणार. करून सवरून नामानिराळा कसं राहावं याचा क्लास काढ, चालेल.

ताई

६ जुलै

आणखी चार ओळी. कोर्टाने विचारलं की शब्द दुसरा घेऊ या का, वादीच्या भावना दुखावतील. मी म्हटलं, साहेब, एवढी वर्षं कानांनी ऐकला, आता हाताने लिहायला कसली लाज? तोच लिहिते. गॅरेजवाल्याची मान खाली गेली असं वाटलं होतं, पण तो बुटाची नाडी बांधत होता.

न्हावीकाका म्हणाले, तू त्यांना विचारलंस, "ताई माझं नाव सांगणार का?" तुला तेवढंच सुचलं ना? नाही सांगणार. नीट झोप.

चौदा तारखेला दोरी धरायला मला माणूस लागेल. बाबांची आई धरायची, तू गेल्यापासून माझीही तीच धरते. या खेपेला तिला सांगणार नाही. तिला तो शब्द आखायला लावण्याइतकी मी अजून तुझ्यासारखी झालेली नाही.

ताई

१५ जुलै

रेघ्या,

काल काय झालं ते तुला माहीत आहे, तू तिथे होतास. पण तू कागदासारखा पांढरा पडला होतास, तुला अर्धं दिसलं नसेल. म्हणून लिहिते. शिवाय माझ्या बाजूने कसं दिसलं ते तुला कळायला हवं. ऐकून घ्यायची तुला सवय लागू दे.

तू आलास ते मामांच्या गाडीतून, मामांच्या शेजारी. इस्त्रीचा शर्ट. तिसऱ्या रांगेत बसलास, बायकोच्या बाजूला, आणि समोरच्या बाकाच्या फळीवर नखाने काहीतरी खरवडत राहिलास. मी मनात म्हटलं, आला तमाशा बघायला.

पत्रा भिंतीला टेकवून उभा केला होता, पांढरा रंग दिलेला. मी दोरी गेरूतून ओढली आणि म्हटलं, "साहेब, दुसरं टोक धरायला माणूस लागेल."

कारकुनाने आधी गेरूकडे पाहिलं, मग स्वतःच्या बाह्यांकडे. कुणी उठेना. कॉलरवाला म्हणाला, "एक खिळा मारा ना, त्यात काय?"

"दुसऱ्याच्या भिंतीला आम्ही खिळा मारत नाही," मी म्हटलं.

त्या क्षणी तू वर पाहिलंस. पहिल्यांदा.

गॅरेजवाला म्हणाला, "नाटकं आहेत सगळी. यांना काय, रडायला निमित्त पाहिजे." त्याचे ते दोघे हसले. कोर्टात थुंकायची सोय नव्हती, नाहीतर तेही केलं असतं.

मग मागून काठीचा आवाज आला. मी वळून बघते तर आई. तिला मी न्हावीकाकांकडे बसवून आले होते, तर ते म्हातारे तिला घेऊन आले! म्हणे, "मी नाही म्हणालो, पण तुझी आई ऐकते का कुणाचं?" ती मधल्या वाटेने सरळ पुढे आली, काठी कारकुनाच्या हातात दिली आणि म्हणाली, "आण इकडे." मी दोरी देईना. तिने ओढून घेतली.

टोक धरलं ते खाली. चांगलं चार बोटं खाली. दोरी तिरकी झाली, शेंबड्या पोरालाही दिसेल इतकी.

"आई, वर," मी हळूच म्हटलं.

"धरलंय की."

"अगं, तिरकं आहे."

"मला दिसत नाही. तू मार."

न्यायाधीश थांबलेले, सगळे थांबलेले. मी दोरी चिमटीत धरून मागे ओढली. म्हटलं, जाऊ दे, तिरकं तर तिरकं.

आणि तू ओरडलास. "आई, वर घे जरा! चार बोटं! वर!"

तुझा आवाज बाबांसारखा झालाय, हे मला माहीत नव्हतं.

तू उभा होतास, हात वर, चार बोटं पुढे केलेली. मामा सावकाश वळले. "कुणाची आई?" तुझ्या बायकोने तुझी बाही धरली होती. तिने तुझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, भुवईवरच्या टाक्यांच्या व्रणाकडे पाहिलं आणि बाही सोडली. मग तू बाकातून बाहेर आलास, दोघांचे पाय तुडवत, आणि आईच्या हातातून टोक घेतलंस. माप घेतलं नाहीस, नुसतं बघून लावलंस. मी झटकली. रेघ पडली ती बाबांच्या रेघांसारखी.

"तुम्ही कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

तेव्हा मात्र तू नीट बोललास, ते मी मान्य करते. "मी यांचा मुलगा. भिंतीवरची अक्षरं माझी आहेत. ताईची नाहीत. दोरीचं दुसरं टोक मामांनी धरलं होतं. शब्दही त्यांनीच सांगितला."

कॉलरवाल्याने हरकत घेतली, पण त्याच्याच अशिलाने त्याला बोलू दिलं नाही. गॅरेजवाला उठून तुझ्यावर बोट रोखून बोंबलला, "हा त्यातला? आमच्या घरात? आमच्या ताटात?" आणि पुढे तोच शब्द. पुरा, मोठ्याने, भर कोर्टात. आम्ही इतके महिने धडपडत होतो की हे आडनावापायी झालं ते सिद्ध कसं करायचं, आणि त्या ठोंब्याने एका दमात करून दिलं. न्यायाधीश कारकुनाकडे वळून म्हणाले, "हाही शब्द नोंदवून घ्या. कुणी उच्चारला तेही." वकीलबाईंचा गुडघा तिथल्या तिथे बरा झाला.

तेवीस तारखेला तुझी रीतसर साक्ष आहे. भिंत पुसल्याचंही त्याच दिवशी सांगून टाकणार आहे मी, आणि त्या खोट्या "हो"चंही. जी काय शिक्षा व्हायची ती होऊ दे. निकाल लागेल तेव्हा लागेल.

तुला माफ केलं असं समजू नकोस. तू उठलास ते आमच्या प्रेमापोटी नाही, तिरकी दोरी बघवली नाही म्हणून. दगड बघवला, टाके बघवले, तिरकी दोरी तेवढी बघवली नाही. असा भाऊ देवाने शत्रूलाही देऊ नये. मला फार राग आहे तुझा. आणि काल तू टोक हातात घेतलंस तेव्हा मला रडू आलं, तेही खरं आहे, त्याचाही राग आहे.

न्हावीकाकांच्या माडीवर झोपतोस असं कळलं. तुझी बायको आज सकाळी आली होती. आडनावाचं तिला काही नाही, पण जिवंत सासूला इतकी वर्षं मेलेली म्हणालास, त्यावर ती अशी तापली आहे की मला तिचा अभिमान वाटला. आईशी तासभर बोलत बसली. तुझं काय करायचं ते ती ठरवेल, मी मध्ये पडणार नाही.

आता शेवटचं. काल घरी आल्यावर मी आईला म्हटलं, "अगं, हात थरथरला का गं तुझा? डॉक्टरला दाखवू या का?"

ती ब्रश धूत होती. तुझा. काल सोमवार नव्हता.

"चाळीस वर्षं दोरी धरतेय मी," ती म्हणाली. "मला सरळ धरता येत नाही होय?"

तिने ब्रश फडक्यात गुंडाळला. "त्या दिवशी अक्षरावरून बोट फिरवलं तेव्हाच कळलं. तू पुसत होतीस ना, म्हटलं पुसू दे. तो आपणहून बोलेल म्हणून वाट बघितली. नाही बोलला. मग म्हटलं, धरावी जरा तिरकी."

मग तिने खुर्ची उचलली, मला हात लावू दिला नाही, आणि ओढत ओढत दुकानात नेली. आता पुढच्या काचेशी बसली आहे. चुना भिजवून ठेवलाय. पुराव्यासाठी इतके महिने ठेवलेलं भिंतीवरचं ते आता तूच पुसायचं आहे, दिवसाढवळ्या, गल्ली बघत असताना.

ये. पुढच्या दाराने ये.

ताई